दोघींत एक कौल

पेठ, ९ जानेवारी १९९४

इंद्रायणीस,

थोरल्या जावेनं धाकटीला पत्र लिहिताना आधी आशीर्वाद लिहायची रीत आहे. तो लिहिला आहे असं समज. आज माझ्या हातून तो उमटत नाही.

मी पेठेत माहेरी, गेणभाऊकडे सुखरूप पोचले. माझी ट्रंक मी सोबतच आणली आहे, ती पोचवायला गोरखभावोजींना पाठवू नकोस. सासूबाईंना सांग, तुमच्या घरातलं काही नेलेलं नाही, शंका असेल तर फडताळ उघडून बघा.

बारशाच्या दिवशी तू काहीच बोलली नाहीस म्हणून हे लिहिते. बाळाला पाळण्याच्या खालून-वरून देत होतो, ‘कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या’ चाललं होतं. बाळ माझ्या हातात आलंसुद्धा होतं. तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, “साळू, तू ऱ्हाऊ दे. कुंडलिकचा अडीच वर्सं ठावठिकाणा न्हाई. तू सवाष्ण हायेस का काय, त्ये देवालाच ठावं.” आणि भरल्या घरात बाळ माझ्या हातातून काढून घेतलं. मी तुझ्याकडे बघितलं. तू पाळण्याची दोरी नीट करत बसलीस. दोरीला काही झालं नव्हतं.

तेही मी गिळलं असतं. पण पुढे त्या म्हणाल्या, “चंपाषष्ठीला कौल घेतला आन् वर्साच्या आत देवानं शब्द खरा केला. इंद्रायणीवर देवाची नजर हाय.” तिथं माझा तोल गेला. कौल माझा होता, हे मी सगळ्या बायकांत ओरडून सांगितलं आणि आजही सांगते.

तुला विसर पडला असेल तर पहिल्यापासून मांडते. नारायणगावच्या बाजाराला जाताना ह्यांच्या हातून टेम्पो पालटला, टोमॅटोचे क्रेट रस्ताभर झाले, आणि मामंजींनी चार लोकांत ह्यांच्या कानाखाली मारली. हे तसेच निघून गेले. पुढच्या वर्षी चंपाषष्ठीला मी कौल घ्यायला वस्तीवरच्या खंडोबाला निघाले, तर तू मागून आलीस. मी तुला बोलावलं नव्हतं. देवळात ही गर्दी. जानकू गुरव घामाघूम झाला होता. देवाच्या दोन खांद्यांना झेंडूच्या ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही, एवढंच त्याचं काम, पण त्या दिवशी त्याला तेवढीही उसंत नव्हती. म्हणाला, “एकाच घरच्या जावा ना? मंग एकदमच मागा दोघी. मनातल्या मनात मागा.” मी मागितलं, हे आपल्या पायांनी दारात येऊ देत. उजवी पाकळी पडली. मी रडले, तू माझा हात धरलास. घरी येताना मी विचारलं, तू काय मागितलंस? तू नुसती हसलीस. पाच वर्षं कूस उजवली नाही ती बाई काय मागणार, हे मला हसण्यावरून कळायला हवं होतं.

कौल मागायला मी गेले होते. तू माझ्या कौलात आपलं मागणं घुसवलंस. देवानं एकच होय म्हटलं आणि ते तू घेऊन गेलीस.

साळुबाई

पेठ, २१ ऑक्टोबर १९९५

इंद्रायणी,

तुझं पत्र आणि अमृतचा फोटो मिळाला. फोटो का पाठवलास? मी मागितला नव्हता. त्याला टोपी मोठी होते. फोटोवाल्याकडे नेताना बघायचं तरी होतंस.

मी जळते असं मनात आणू नकोस. मला इथे काही कमी नाही. अंगणवाडीत मदतनीस म्हणून लागले आहे. बाई आहेत यशोधराताई, बौद्धवाड्यातल्या. मुलं गोळा करायची, त्यांची नाकं पुसायची, खिचडी शिजवायची. पंचवीस मुलं आहेत माझ्यापाशी. तुझ्यापाशी एक आहे.

हे वाक्य खोडणार होते, पण राहू दे.

तुझ्यापासून लपवायचं म्हटलं तरी गावात कुणीतरी सांगेलच, म्हणून मीच सांगते. गेल्या रविवारी मी तुमच्या बोरीला येऊन गेले. घरी आले नाही. परस्पर देवळात गेले आणि जानकूला म्हटलं, पुन्हा पाकळ्या लाव, या वेळी मी एकटी आहे, घोटाळा नको. तो हातातला तांब्या खाली ठेवून म्हणाला, “बाई, देवाला तीच गोष्ट दोनदा इचारीत न्हाईत. दोनदा इचारलं म्हंजी पयल्या बारीला इस्वास नव्हता.” मी म्हटलं, माझा विश्वास आहे, पण होय कुणाला म्हटलं तेवढं कळू दे. तर म्हणतो, “दोघींनाबी म्हटलं आसंल की. देवाच्या घरी काय वाण हाय?” त्याला बोलायला काय जातं? देव दोघींना होय म्हणाला असता, तर दोघींच्या घरी एकदमच उजाडलं नसतं का?

परत जाताना वाटेत तू दिसलीस. कांद्याच्या रोपाला पाणी देत होतीस, अमृत बांधावर उभा होता. धरून नव्हता कशाला. मी पदर तोंडावर ओढला आणि चालत सुटले. तुझं चांगलं झालं याचं वाईट वाटतं मला. हे कुणाला सांगणार? तुलाच सांगते.

साळुबाई

पेठ, १६ मार्च १९९७

इंद्रायणी,

हे पत्र एकटीनं वाच आणि चुलीत टाक. भावोजींना दाखवलंस तर माझं तोंड पुन्हा बघणार नाहीस.

हे जिवंत आहेत.

दिवाळीत कार्ड आलं. चार महिने कुणाला बोलले नाही, गेणभाऊलाही नाही. अक्षर ह्यांचंच, ‘क’ला गाठ मारलेली. लिहिलंय: ‘मी इंदूरला ट्रान्सपोर्टात आहे. मंचरच्या एका ड्रायव्हरकडून कळलं तू माहेरी असतेस. खोली घेतली आहे. तू ये. गावात यायला मला तोंड नाही. कळव, म्हणजे स्टँडवर न्यायला येतो.’

आता बोल, कौल कुणाचा? हे मेले असते तर गोष्ट वेगळी. जिवंत ठेवलं ते कुणी? मला आधी धावत तुझ्या दारात येऊन हे ओरडावंसं वाटलं. कार्ड हातात आलं तेव्हा मला पहिली आठवण ह्यांची नाही, तुझी झाली. असं होतं ते.

पण मी जाणार नाही. मी देवाला काय मागितलं होतं? हे आपल्या पायांनी दारात येऊ देत. देव होय म्हणाला. मग मी कशाला निघू? मीच गाडीत बसून गेले तर देवाचा शब्द माझ्या हातानं खोटा होईल. आणि मग सासूबाई म्हणणार, बघा, कुंडलिक काही आला नाही, ती गेली पाठीमागे, कौल इंद्रायणीचाच होता. तुला तुझा मुलगा आणायला कुठं जावं लागलं? तो आपण होऊन आला तुझ्या पोटी. तुझ्यासाठी देव चालत आला आणि मी मात्र एसटी बदलत इंदूर गाठायचं? नाही. मलाही दारातच पाहिजे.

ह्यांना मी उलट लिहिलं, तुम्हीच या. पत्ता तुला देत नाही. दिला तर भावोजी जाऊन घेऊन येतील. भावोजींनी आणलेला नवरा मला नको, देवानं आणलेला हवा.

साळुबाई

पेठ, २ डिसेंबर २००२

इंद्रायणी,

पाच-सहा वर्षं तुला एक ओळ लिहिली नाही. तू मात्र दर दिवाळीला लिहीत राहिलीस. मामंजी गेले तेव्हाही मी आले नाही, तरी तू मनात अढी धरली नाहीस. तुझा हा चांगुलपणा मला सोसत नाही. एकदा तरी भांडली असतीस तर बरं झालं असतं.

अमृत शाळेत पहिला आला म्हणून लिहिलंस. येणारच. देवानं दिलेला आहे.

मी आता खरं सांगते. ह्यांची कार्डं एकूण चार आली, दर दिवाळीला एक. प्रत्येकात तेच, तू ये. प्रत्येकाला माझं उत्तर तेच, तुम्ही या. चौथ्यात लिहिलं, ‘तुझं मन कळलं. आता त्रास देणार नाही.’ त्यानंतर काही नाही. मामंजी गेले तेव्हा मी आपण होऊन लिहिलं की आता गावात तोंड चुकवावं असं कुणी राहिलं नाही, या. उत्तर नाही. पुन्हा लिहिलं. उत्तर नाही. चंपाषष्ठी जवळ आली की मी अजून अंगणाला सडा घालून दाराकडे तोंड करून बसते. कुणाच्या चपलेचा आवाज आला की उठते. गेल्या वर्षी उठले तर रॉकेलवाला होता.

परवा खिचडी हलवता हलवता माझा बांध फुटला आणि यशोधराताईंना सगळं सांगितलं. त्या देवाचं काही मानत नाहीत, त्यांच्या घरात बुद्ध आणि बाबासाहेब. मला वाटलं हसतील. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, “साळूताई, मला तुमचा खंडोबा कळत न्हाई. पण तुमच्या नवऱ्याला कार्ड लिव्हायला लावणारा जर त्योच आसंल, तर त्यो चार डाव दारात येऊन गेला. तुमीच कडी काढली न्हाई.” मी रागावले. म्हटलं, तुम्हाला काय कळतं त्यातलं? त्या म्हणाल्या, “न्हाई कळत. म्हणून तर सरळ दिसतंय.” दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. मग मीठ विचारायच्या निमित्तानं बोलले.

तेव्हापासून झोप उडाली आहे. देव खोटं बोलत नाही, यावर माझा श्वास चालला आहे. मग माझ्याशीच असं का? तुझ्याशी शब्दाला जागला, माझ्याशी का नाही? तुझ्यात काय होतं जे माझ्यात नव्हतं? मी उपास जास्त केले. पायऱ्या अनवाणी चढले. तू तर त्या दिवशी चहा पिऊन आली होतीस, मला माहीत आहे.

म्हणून एक विचारते, आणि या वेळी नुसतं हसू नकोस. त्या दिवशी तू काय शब्दांत मागितलंस? अमुकच शब्द सांग. माझं मागायचं चुकलं असेल. तू नीट मागितलं असशील. मला ते शब्द दे. आता मला भांडायचं नाही, मला ते शब्द हवेत.

साळुबाई

पेठ, ८ फेब्रुवारी २००३

इंद्रायणी,

दोन महिने लावलेस. पत्र आलं तेव्हा मी अंगणवाडीतच होते. उभ्यानं वाचलं, मग मुलांच्या सतरंजीवर बसून वाचलं.

तू लिहितेस: ‘जाऊबाई, मी त्या दिवशी मूल मागितलंच नव्हतं. तुम्ही रोज भाऊजींचं ताट वाढून झाकून ठेवायच्या आणि सकाळी तेच शिळं स्वतः खायच्या. माझ्यानं बघवत नव्हतं. गुरव मागा म्हणाला तेव्हा मी म्हटलं, देवा, माझं राहू दे, माझ्या जाऊबाईंचं आधी कर. एवढंच. पुढं दिवस गेले तेव्हा मलाच नवल वाटलं.’

अगं ए बये. नऊ वर्षं! नऊ वर्षं हे पोटात घालून बसलीस? बारशाला सासूबाई बोलल्या तेव्हा तुझी जीभ काय पाळण्याला बांधली होती?

त्याचंही उत्तर तू दिलं आहेस. ते मी तीनदा वाचलं. ‘पाच वर्षं मला वांझ म्हटलं गेलं. सकाळी उठून माझं तोंड बघायला बायका टाळायच्या. त्या दिवशी पहिल्यांदा कुणीतरी मला देवाची लाडकी म्हणालं. मला ते हवंहवंसं वाटलं. आणि खरं सांगू? तुमच्यावर मीही जळत होते. नवरा टाकून गेला तरी तुम्ही देवाला इतकं घट्ट धरून होता, तसं मला कधी धरता आलं नाही. तुमच्या हातातलं काहीतरी एकदा माझ्या हातात यावं असं वाटलं. मग तुम्ही निघून गेलात, आणि जितके दिवस लोटले तितकं सांगणं अवघड झालं.’

तुला शिव्या द्यायला बसले होते. दोन कागद फाडले. तिसऱ्यावर हे लिहिते आहे.

म्हणजे कौल एकच होता आणि मागणंही एकच होतं. दोघींनी मिळून माझ्यासाठी मागितलेलं. तुला जे मिळालं ते कुणी न मागता मिळालं, माझ्या वाट्यातून काही गेलंच नव्हतं. मी मात्र नऊ वर्षं तुझ्या पोराला माझी चोरी समजून बघत राहिले. त्याची टोपी मोठी झाली तरी मला बरं वाटायचं, एवढी मी खाली गेले होते.

आणि ह्यांची कार्डं. ती आली तेव्हा देव आपला शब्द पाळत होता आणि मी त्याला अटी घालत होते. विश्वास म्हणत होते त्याला. विश्वास कसला? मला फक्त तुझ्यासमोर दारात उभा राहिलेला नवरा दाखवायचा होता.

इंदूरला आता कुणी आहे की नाही, मला माहीत नाही. तीन वर्षांवर झाली शेवटच्या कार्डाला. ह्यांनी दुसरा घरोबा केला असेल. खोली सोडली असेल. जिवाला काही झालं असेल. तरी मी निघते आहे. यशोधराताईंनी पंधरा दिवस माझं काम सांभाळायचं कबूल केलं आहे. गेणभाऊ सोबत येतो म्हणतोय. पेठेहून नाशिक, तिथून इंदूरची गाडी. देव दिलेला शब्द इतकी वर्षं धरून ठेवतो का, हे मला जाऊनच बघायचं आहे. नसला धरला तर निदान सुटला माझ्याच हातून, हे मला कळेल.

तुला आशीर्वाद. आज उमटला.

साळुबाई

इंदूर, २० फेब्रुवारी २००३

इंद्रायणी,

हे आहेत.

गेणभाऊ घाटात सारखा ओकत होता, त्यामुळे मला घाबरायला सवड मिळाली नाही. कार्डावरच्या पत्त्यावर ट्रान्सपोर्टचं ऑफिस आहे, पण मालक बदलला आहे, जुनं कुणी नाही. तिथला वॉचमन म्हणाला, “पूनावाले कुंडलिक? वो तो अब उधर गॅरेज में बैठते हैं.” मालक बदलल्यावरची माझी पत्रं ऑफिसातून पुढे गेलीच नव्हती. मामंजी गेले हे ह्यांना माझ्या तोंडून कळलं. गॅरेजच्या बाकावर बसून लहान मुलासारखे रडले.

केस सगळे पांढरे झालेत. चष्मा लागला आहे. गेणभाऊला ओळखलं, मला ओळखायला थोडा वेळ लागला. मीही काही पूर्वीची राहिले नाही. दुसरं कुणी नाही ह्यांच्या घरात. खोली तीच आहे. इतकी वर्षं एकट्यानं दोघांच्या खोलीचं भाडं का भरता, असं मालकीण विचारायची म्हणे. मी चाळिशीची झाले गं. जे वय गेलं ते देव काही परत देणार नाही, आणि ते त्यानं घेतलंही नव्हतं. तुझ्या अमृतसारखं आमचं आता काही व्हायचं नाही. हे लिहिताना पुन्हा तो बांधावर उभा दिसला, पण या वेळी तुझा राग नाही आला.

काल जेवताना ह्यांनी विचारलं, “चार कार्डं धाडली. का आली न्हाईस गं?” मी म्हटलं, “देवानं सांगितलं होतं तुम्ही याल म्हणून. त्याची वाट बघत होते.” हे ताटातली अर्धी भाकरी माझ्या ताटात ठेवून म्हणाले, “लई भरवसा तुझा देवावर.” गेणभाऊसुद्धा मान हलवू लागला. दोघंही माझ्याकडे अशा नजरेनं बघत होते, की मी कुणी मोठी भक्तीण आहे.

इंद्रायणी, ती अर्धी भाकरी मी ताटात तशीच ठेवली. देवाची वाट बघायची असती तर ती पहिल्या कार्डाला संपली होती. मी वाट बघत होते ती तू खोटी पडण्याची. त्यासाठी ह्यांची सहा वर्षं गेली, आणि ह्यांना ती देवाच्या नावावर गेली असं वाटतं आहे. देवावर तेवढा आळ मी नाही राहू देणार.

हे आता गेणभाऊला गाडीत बसवून द्यायला गेले आहेत. तासाभरात येतील. आले की सांगणार आहे. तुला आधी लिहून टाकलं, म्हणजे मला मागे फिरता येणार नाही.

तुझी,
साळुबाई